शाळा संस्थेची, पैसा आपला

तुमचं मूल ज्या हायस्कुलात जातं, त्याच्या कमानीवर संस्थेच्या संस्थापकांचं नाव आहे. ऑफिसात अध्यक्षांचा फोटो आहे. १५ ऑगस्टला झेंडावंदन त्यांच्याच हस्ते होतं, बक्षिसंही त्यांच्याच हातून मिळतात. मग पालकांना वाटतं, शाळा त्यांची आहे तर खर्चही तेच करत असतील. मी ३१ वर्षं अशाच एका अनुदानित हायस्कुलात लिपिक होतो. दर महिन्याचं पगारपत्रक माझ्या हातून जायचं. म्हणून ठामपणे सांगतो, पूर्ण अनुदानित शाळेतल्या मंजूर पदावर असलेल्या शिक्षकाच्या पगारात संस्थेचा एक रुपयाही नसतो. तो पगार सरकारी तिजोरीतून निघतो, वेतन पथकातून मंजूर होतो आणि शिक्षकाच्या बँक खात्यात जमा होतो. त्या तिजोरीत तुम्ही घेतलेल्या साबणाच्या वडीवरचा कर आहे आणि मोटारसायकलच्या पेट्रोलवरचाही आहे.

हे आज लिहायचं कारण असं. शिक्षक आझाद मैदानावर उपोषणाला बसले, किंवा जूनमध्ये प्रवेशाची गडबड सुरू झाली, की चहाच्या टपरीपासून एसटीच्या रांगेपर्यंत एकच वाद रंगतो. एक जण म्हणतो, खासगी शाळांना सरकारनं पैसे द्यायचेच कशाला, ज्याची शाळा त्यानं चालवावी. दुसरा म्हणतो, शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे, मागतील तेवढे द्या. दोघंही तावातावानं बोलतात. पण आपल्याच गावच्या शाळेत यंदा किती शिक्षक मंजूर आहेत आणि किती हजर आहेत, असं विचारलं तर दोघंही गप्प होतात. माझी विनंती एवढीच आहे की या प्रश्नावर मत जरूर बनवा, ते मोठ्यानं मांडा, पण आधी आपल्या शाळेचा हिशेब हातात घ्या.

त्यासाठी सरकारचा पैसा खासगी शाळेत कसकसा जातो ते समजून घ्यावं लागेल. हे फार अवघड नाही.

शंभर टक्के अनुदानित शाळेत मंजूर पदांचे पगार सरकार देतं. इमारत संस्थेची असते आणि शिक्षक नेमण्याचा अधिकारही संस्थेचा असतो, पण त्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. खडू, वीजबिल, डागडुजी यांसाठी वेतनेतर अनुदान नावाची एक छोटी रक्कम येते. ती तुटपुंजी असते आणि कधी येईल त्याचा भरवसा नसतो. दुसरी शाळा टप्पा अनुदानावरची. तिथे पगाराचा काही हिस्साच सरकार देतं, आधी वीस टक्के, मग चाळीस, असं पायरीपायरीनं. तिसरी विनाअनुदानित आणि चौथी स्वयंअर्थसहाय्यित. या चौथ्या प्रकारासाठी २०१२ साली वेगळा कायदा झाला. त्या शाळांनी सरकारकडे हात पसरायचा नाही, फीवरच चालायचं. या शेवटच्या दोन प्रकारांतही सरकारचा पैसा एका दारानं आत जातो. शिक्षण हक्क कायद्यानुसार पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात आणि त्यांच्या फीचा परतावा सरकारनं भरायचा असतो. त्याकडे पुढे येतो.

अनुदानाची पद्धत इंग्रजांच्या काळातली. १८५४च्या वुडच्या खलित्यानं खासगी शाळांना सरकारी मदत देण्याची रीत घालून दिली. अठ्ठावीस वर्षांनी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. कर भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या जातींची मुलं, हे त्यांनी सरकारला तोंडावर सुनावलं आणि सरकारचा पैसा आधी गोरगरिबांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च झाला पाहिजे, असा आग्रह धरला. अनुदानावर मत बनवणाऱ्या प्रत्येकानं हा प्रश्न आपल्या मनात जागा ठेवावा. पैसा कोणाचा, आणि शिकतं कोण?

त्यानंतर महाराष्ट्रात जे घडलं त्याचा मला अभिमान आहे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, कोल्हापूरकडे बापूजी साळुंख्यांनी हायस्कुलं काढली. जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत असायची. त्यापुढे शिकायचं तर तालुक्याचा रस्ता धरावा लागे. तो रस्ता वाचवायचं काम या संस्थांनी केलं आणि पुढे सरकारनं पगाराचा भार उचलला, म्हणून गावोगावी हायस्कूल टिकलं. शेतमजुराची मुलगी दहावी झाली ती या जोडीमुळे. आजही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सातवी-आठवीनंतरचं शिक्षण मोठ्या प्रमाणावर खासगी संस्थांच्या अनुदानित शाळांमधूनच होतं. ‘खासगी शाळांचं अनुदान बंद करा’ असं जो म्हणतो, तो नकळत आपल्याच गावच्या हायस्कुलाला कुलूप लावायला सांगत असतो. ते कुलूप लागलं तर मुलगे एसटीनं पुढच्या गावाला जातील. मुलींचं काय होईल, ते तुम्हीच सांगा.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. अनुदान चालू राहिलं पाहिजे. ते पूर्ण आणि वेळेवर मिळालं पाहिजे. आणि त्यातल्या पै-पैचा हिशेब गावाला कळला पाहिजे.

‘मास्तरला लाखाचा पगार कशाला’ असं विचारणाऱ्यांना मी माझ्या शेजारच्या शाळेतल्या एका विज्ञान शिक्षकाबद्दल सांगतो. त्यांची शाळा ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर सुरू झालेली. म्हणजे अनुदान कधीच मागायचं नाही, असं लिहून दिलेली. २००९ साली सरकारनं त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला आणि आता पगार सुरू होईल म्हणून या सरांच्या घरी पेढे वाटले गेले. मग मूल्यांकन झालं, याद्या लागल्या, याद्यांतल्या त्रुटी निघाल्या, त्रुटींची पूर्तता झाली, फाइल मुंबईला गेली. पहिला वीस टक्क्यांचा टप्पा मिळायला २०१६ उजाडलं. एवढी वर्षं सर पहाटे तीन म्हशींचं दूध काढायचे, डेअरीला घालायचे आणि साडेदहाला वर्गावर उभे राहायचे. सुटीत दुसऱ्यांच्या लग्नाचे फोटो काढायचे. त्यांच्या वर्गातली मुलं आणि आमच्या वर्गातली मुलं एकाच गावची होती, पुस्तक एकच होतं, बोर्डाची परीक्षा एकच होती. आमच्याकडच्या सरांना पूर्ण पगार आणि त्यांना शून्य. पहिल्या टप्प्याचा पगार झाला त्या दिवशी ते पासबुक घेऊन माझ्याकडे आले. माझ्या टेबलावर ते उघडलं आणि जमा रकमेच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. त्यांचं वय तेव्हा एकेचाळीस होतं. नोकरीला लागले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते.

असे शिक्षक महाराष्ट्रात हजारोंच्या संख्येत आहेत. त्यांच्याच साथीदारांनी २०१६पासून आझाद मैदानावर पुन्हापुन्हा ठिय्या दिला आणि जुलै २०२५मध्ये तर भर पावसात चिखलात बसून दिला. पुढचा टप्पा जाहीर होतो, पण पैशाची तरतूद होत नाही, म्हणून पुन्हा मैदान गाठावं लागतं. ते मैदानावर असतात तेव्हा वर्गात कोणी नसतं. त्यांच्यावर चिडण्याआधी पालकांनी हे लक्षात घ्यावं की शाळेला मान्यता देताना सरकारनंही सही केली होती. मूल वर्गात बसवून घ्यायचं आणि शिकवणाऱ्याला पंधरा वर्षं उपाशी ठेवायचं, हा व्यवहार कोणत्याही नावाखाली बरोबर ठरत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती सांगताना मला लाज वाटते, पण ती मीच सांगितली पाहिजे.

पाचवीच्या प्रवेशाच्या वेळी आमच्याकडे प्रत्येक पालकाकडून ‘इमारत निधी’ घेतला जायचा. शाळा शंभर टक्के अनुदानित होती आणि पाचवी ते आठवीचं शिक्षण कायद्यानं मोफत. तरी घेतला जायचा. पावती शाळेच्या नावाची नसायची, संस्थेच्या नावाची असायची. पावतीपुस्तकाचा रंग वेगळा, हिरवा. त्यावर ‘ऐच्छिक देणगी’ असा रबरी शिक्का मारायचा. तो शिक्का मी मारायचो. एका वर्षी वीटभट्टीवर काम करणारा एक गृहस्थ मुलीला घेऊन आला. त्यानं दोन हजारांतले अकराशे टेबलावर ठेवले, बाकीचे दिवाळीला देतो म्हणाला. पावती बघून त्यानं विचारलं, “भाऊसाहेब, ऐच्छिक म्हणजे काय?” मी म्हणालो, “म्हणजे तुम्ही खुशीनं दिले.” तो काही बोलला नाही. पावतीची घडी घालून त्यानं खिशात ठेवली आणि मुलीला म्हणाला, चल. मुलगी हुशार होती, पुढे तिनं नाव काढलं. पण दिवाळीनंतर त्याच्याकडून उरलेले नऊशे मागायची चिठ्ठी मीच लिहिली होती.

हे बेकायदा होतं आणि आजही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानुसार, शाळेनं अधिकृतपणे जाहीर केलेल्या फीखेरीज कोणतीही देणगी प्रवेशासाठी घेता येत नाही. घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होतो. नाव ‘विकास निधी’ असो, ‘इमारत निधी’ असो की ‘ऐच्छिक’. नववी-दहावीसाठीही देणगीबंदीचा राज्याचा कायदा १९८७पासून आहे. तुमच्याकडे अशी मागणी झाली तर वाद घालू नका. एवढंच म्हणा, “देतो, पण शाळेच्या नावाची छापील पावती द्या आणि त्यावर पैसे कशासाठी घेतले ते लिहा.” माझ्या अनुभवानं सांगतो, निम्म्या वेळा मागणी तिथेच थांबते.

पटाची गोष्टही सांगायला हवी. दरवर्षी ३० सप्टेंबरला पटावर जेवढी मुलं असतात, त्यावरून संचमान्यता होते, म्हणजे किती तुकड्या आणि किती शिक्षक ते ठरतं. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि त्यांची बदली दुसऱ्या शाळेत होते, त्याला समायोजन म्हणतात. त्यामुळे सप्टेंबरमध्ये प्रत्येक संस्थेचा जीव पटात अडकलेला असतो. २०११च्या ऑक्टोबरमध्ये, ३ ते ५ तारखेला, सरकारनं सगळ्या महाराष्ट्रात एकाच वेळी पटपडताळणी केली. दुसऱ्या खात्यांचे कर्मचारी शाळेत येऊन बसले, वर्गावर्गात जाऊन मुलं मोजली आणि मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानाला लावतात तशी शाई लावली, म्हणजे तेच मूल दुपारी दुसऱ्या शाळेत उभं करता येऊ नये. त्या तीन दिवसांत राज्यात लाखो मुलं कागदावर होती पण वर्गात नव्हती, हे उघड झालं. त्या मुलांच्या नावानं तुकड्या घेतल्या गेल्या होत्या, तुकड्यांवर पदं आणि पदांवर पगार. हे पैसे कोणाच्या मुलांच्या तोंडचे होते? पुढच्या वर्षी, २ मे २०१२ला, सरकारनं शिक्षक भरतीच थांबवली. ज्या शाळांनी कधी एक नाव खोटं चढवलं नाही, त्यांच्या गणिताच्या आणि इंग्रजीच्या जागाही त्यामुळे वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. पाप कोणाचं आणि भोगलं कोणी, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि नोकरीचा भाव. तो आकडा मी लिहीत नाही, पण तुमच्या नात्यात कोणी बी.एड. झालेलं असेल तर तुम्हाला तो माहीत आहे. पगार सरकारचा, जागा सरकारनं मंजूर केलेली, आणि ती जागा विकणारा तिसराच. ज्या घरानं जमीन विकून मुलाला नोकरीला लावलं, त्या घरातल्या मुलाला संस्थाचालकापुढे मान वर करून बोलता येत नाही. हे मी रोज पाहिलं आहे. हे थांबावं म्हणून २०१७ साली पवित्र पोर्टल आणलं. त्यावर अभियोग्यता चाचणीच्या गुणांनुसार उमेदवार संस्थेकडे मुलाखतीला पाठवले जातात. सुधारणा झाली, पण रोग गेला नाही. २०२५ साली नागपूर विभागात शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत खोटे आयडी तयार करून पगार काढल्याचा घोटाळा बाहेर आला आणि शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनासुद्धा अटक झाली. म्हणजे खोटेपणा फक्त संस्थेत असतो आणि सरकारी ऑफिस स्वच्छ असतं, असंही कोणी समजू नये.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग सरकारनं पैसे देणं बंद करावं हेच बरं. मला तसं वाटत नाही. विहिरीत घाण पडली म्हणून कोणी विहीर बुजवत नाही, गाळ काढतात. आणि गाळ काढायचं काम विहिरीचं पाणी पिणाऱ्यांनीच करायचं असतं.

जनमताचा परिणाम होत नाही, असंही समजू नका. शेजारच्या गोव्यात बघा. १९९० साली तिथल्या सरकारनं ठरवलं की प्राथमिक शाळेला अनुदान हवं असेल तर माध्यम कोकणी किंवा मराठी हवं. शशिकला काकोडकर तेव्हा शिक्षणमंत्री होत्या. चर्चच्या इंग्रजी शाळांनी त्यानंतर कोकणी माध्यम स्वीकारलं. २०११ साली दिगंबर कामत सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचा निर्णय घेतला आणि सगळा गोवा ढवळून निघाला. एका बाजूला, आमच्या मुलांना इंग्रजी हवं आणि आम्हीही कर भरतो, असं म्हणणारे पालक. दुसऱ्या बाजूला भारतीय भाषा सुरक्षा मंच, आणि त्यात पुन्हा काकोडकरच पुढे होत्या. पुढच्या वर्षी सरकार बदललं. अनुदान मात्र चालूच राहिलं आणि त्यावरून नव्या सरकारच्या घरातही भांडण लागलं. मी स्वतः मातृभाषेच्या बाजूचा आहे. पण मला या प्रकरणातली एक गोष्ट भावते. तिथले सामान्य लोक, दोन्ही बाजूंचे, अनुदान कशाला आणि कोणत्या अटीवर, हे विचारत रस्त्यावर आले. आपल्याकडे अनुदानासाठी शिक्षक रस्त्यावर येतात, संस्थाचालक मंत्रालयात जातात आणि पालक घरी बातम्या बघतो.

पालक असेच घरी बसले असते, तर पंचवीस टक्क्यांच्या जागाही गेल्या असत्या. ९ फेब्रुवारी २०२४ला राज्य सरकारनं नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या पंचवीस टक्क्यांतून सूट. शहरात अशी शाळा नसलेली गल्ली कुठे सापडणार? म्हणजे गरिबाच्या मुलासाठी इंग्रजी शाळेचं दार जवळजवळ बंदच झालं. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ला न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली. काही जण म्हणतात, सरकारचा पैसा खासगी इंग्रजी शाळांना देण्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळा सुधारा. जिल्हा परिषदेच्या शाळा सुधारायलाच हव्यात, यात वाद नाही. पण त्या सुधारेपर्यंत धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीनं वाट बघत बसावं आणि तिच्या मालकिणीच्या मुलीनं बसू नये, हे मला पटत नाही. आणि शाळांनी परतावा थकल्याची तक्रार केली तर ती खरी आहे. सरकारनं ते पैसे दिले पाहिजेत. मात्र त्याचा राग त्या मुलांवर निघता कामा नये. त्यांना वेगळ्या बाकावर बसवलं, सहलीला नेलं नाही, पुस्तकाचे पैसे मागितले, असं दिसलं तर पालकांनी त्याच दिवशी लेखी तक्रार करावी.

एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघातून सात आमदार निवडून जातात. त्यांना फक्त शिक्षक मत देतात. चांगलं आहे, शिक्षकांचा आवाज तिथे पोचतो. विधानसभेत कितीतरी आमदार स्वतःच शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष आहेत, त्यामुळे संस्थाचालकांचाही आवाज पोचतो. पालकांच्या नावाचा मतदारसंघ नाही. मुलांचा तर नाहीच. तेव्हा पालकानं आपलं म्हणणं आपणच मांडायचं आहे, आणि ते मांडायची पहिली जागा शाळेचं ऑफिस आहे.

अनुदानित शाळेतही शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनं अनुदानित शाळांतल्या समितीचं काम फक्त सल्ला देण्याचं करून ठेवलं, हे मला चुकीचं वाटतं. तरी सल्ला देण्यासाठी माहिती मागता येते. तुमच्या शाळेत ही समिती कागदावर असेल, नावं मुख्याध्यापकांनीच भरली असतील आणि सह्या शिपाई घरोघरी फिरून घेत असेल. यंदा नावं भरायच्या वेळी तुम्ही हजर राहा. न वाचता सही करू नका.

शिवाय, सरकारच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली ते स्पष्ट केलं आहे. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण लगेच माहिती अधिकाराची तलवार उपसू नका. आधी साधा अर्ज द्या. भाषा गोड ठेवा. मुख्याध्यापक बऱ्याचदा स्वतःच दोन्हीकडून दाबलेला असतो. पालक पाठीशी आहेत हे दिसलं तर त्याला बळच येतं. चार गोष्टी विचारा, यंदाची संचमान्यता, मंजूर पदांपैकी भरलेली आणि रिकामी पदं, गेल्या वर्षी मिळालेलं वेतनेतर अनुदान कशावर खर्च झालं, आणि कोणत्या इयत्तेला कोणती फी अधिकृत आहे.

मला माहीत आहे, तुमच्या मनात काय येतं. आपण विचारलं तर पोराला वर्गात त्रास देतील. ही भीती खरी आहे, मी तिला हसणार नाही. तिच्यावर एकच उपाय मी यशस्वी होताना पाहिला आहे. एकट्यानं जायचं नाही. चार-पाच घरांनी मिळून एक अर्ज करायचा, सगळ्यांच्या सह्या घालायच्या, त्यात बायकांच्या सह्या जास्त ठेवायच्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊन पोच घरी ठेवायची.

आमच्या गावात गेल्या महिन्यात चौघांनी तसा अर्ज दिला. दोन आया, एक रिक्षावाला आणि एक शेतकरी. अर्ज मी लिहून दिला, पण सही केली नाही, कारण माझं मूल आता त्या शाळेत नाही. मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, चौघांना बसायला खुर्च्या मागवल्या आणि बारा दिवसांनी संचमान्यतेची प्रत फळ्याशेजारच्या सूचनाफलकावर लावली. त्यावरून कळलं की गणिताचं एक पद मंजूर आहे आणि ते दोन वर्षांपासून रिकामं आहे. आठवीची गणितं चित्रकलेचे सर शिकवत होते. हे मुलांना माहीत होतं, आयांना नव्हतं. येत्या सोमवारी ते चौघं जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणार आहेत. सकाळी सव्वासातच्या गाडीनं. त्यांच्याबरोबर मीही जाणार आहे, आणि पोच घ्यायची आठवण करून द्यायचं काम माझ्याकडे दिलं आहे.